नऊ दिवस बोअरचं पाणी

तुमच्या हातून झालेलं काम बरोबर होतं की चूक, हे कळायला पंचवीस वर्षं लागणार असतील आणि तोवर ते कोणीही तपासणार नसेल, तर तुम्ही ते काम नीट कराल का?

घाईने 'हो' म्हणू नका. मीही म्हणाले होते.

पहिल्याच ओळीत असा प्रश्न विचारला म्हणून आपल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादक वैशाली काकू माझ्यावर रागावतील. त्यांनी सांगितलं होतं, "समता, तुझ्या त्या माशांवर छान हलकंफुलकं लिही. फोटो असतील तर दे." फोटो आहेत. हलकंफुलकं थोडंसंच आहे, ते आधी देऊन टाकते. प्रश्नाने सुरुवात करायची सवय मात्र बाबांकडून आली. नागपूरहून अमेरिकेत, मिनेसोटाला येताना लोक लोणचं आणि कुकर आणतात. बाबांनी कॉलेजच्या दिवसांत चौकाचौकात वाटलेल्या पत्रकांची एक बॅग आणली. धरणग्रस्तांची पत्रकं, बुवाबाजीविरुद्धची, हुंड्याविरुद्धची, गावच्या पाणवठ्याबद्दलची. ईडन प्रेरी गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी मराठी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. वर प्रश्न, मधे हकिगत, शेवटी 'आपण एवढं करा' आणि अगदी तळाला छापणाऱ्याचं नाव-गाव. मला लिहिण्याची दुसरी रीत येत नाही.

या निवृत्तीनंतरच्या आठवणी नाहीत. एकोणतीस वर्षांची आहे. चार हंगाम मी मिनेसोटातल्या एका नदीकाठी स्टर्जन माशाची पिल्लं वाढवण्याचं काम केलं. गेल्या वर्षी ते सुटलं. नदीचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांच्यासाठी हे लिहिते आहे त्यांच्या फ्रिजवर ते लावलेलं आहे.

मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, माझ्या कामाची चौकशी साधारण अशी व्हायची. हातात प्लेट घेऊन नाईक काका यायचे.

"काय गं, अजून मासेच का?"

"हो काका."

"म्हणजे फिश टँक क्लीन करतेस."

"टँक आहेत, पण..."

"त्याच्या अंड्यांचं कॅव्हिअर मिळतं ना? एक बाटली आण की यार. आम्ही पण बघू श्रीमंत लोक काय खातात."

"काका, ते मासे खाण्यासाठी नाहीत. नदीत सोडण्यासाठी आहेत."

"सोडायला?" काका पुलावाचा घास हातातच थांबवून म्हणायचे, "वाढवायचे आणि सोडून द्यायचे? मग पोरांसारखंच झालं की!"

सगळे हसायचे. मीही हसायचे. काका त्या एका वाक्यात माझं काम माझ्यापेक्षा नीट सांगत होते.

स्टर्जन हा डायनॉसोरच्या काळापासूनचा मासा. त्याला खवले नसतात, पाठीवर आणि कुशीवर हाडांच्या टोकदार चकत्यांच्या ओळी असतात. लांब नाक, खाली चार मिशा, दात नसलेलं तोंड पोटाच्या बाजूला. तळाशी पोहत मिशांनी चाचपडायचं आणि सापडेल ते ओढून घ्यायचं, असा त्याचा संसार. माणसापेक्षा लांब वाढतो, माणसापेक्षा जास्त जगतो. एकेकाळी या भागातल्या नद्यांमध्ये इतका होता की जाळी फाडतो म्हणून लोक त्याला मारून काठावर लाकडांसारखे ढीग लावायचे. जाळायचेसुद्धा. मग लाकूड कापायच्या गिरण्या आल्या, धरणं आली, अंडी घालायच्या खडकांवर भुसा आणि गाळ बसला. दोन-तीन पिढ्यांत नदी रिकामी झाली. ज्या आदिवासी लोकांचं त्या माशाशी कुळाचं नातं होतं, त्यांना कोणी विचारलं नाही. हे सगळं कायदेशीर होतं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. चोरी नव्हती, दरोडा नव्हता, प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी सही केली होती.

आता सहीचं सांगायचंच आहे, पण आधी काम.

मेमध्ये, पाणी थोडं कोमट झालं की, उरलेल्या मोजक्या माद्यांपैकी काही खडकांशी येतात. आम्ही कमरेइतक्या पाण्यात उभं राहून थोडी अंडी गोळा करायचो. ती चिकट असतात. एकमेकांना चिकटून गोळा झाला की आतली गुदमरून मरतात. म्हणून ती मातीच्या पाण्यात हलक्या हाताने, पिसाने ढवळत राहायची. कुठली माती? मुलतानी माती. आईने ते ऐकलं तेव्हा ती पाच मिनिटं हसत होती. एका हंगामात माती आयत्या वेळी संपली. मी इंडियन ग्रोसरीत फोन करून विचारलं आणि आईने दोन पाकिटं घेऊन, साडेतीन तास गाडी चालवून स्वतः आणून दिली. माझे वरिष्ठ डेल (हे खरं नाव नाही) यांनी एक पाकीट उघडून नाकाला लावलं.

"सॅम, याला गुलाबाचा वास येतोय." समताचं तिथे सॅम झालं होतं.

मी पाकीट वाचलं. चेहऱ्यावर तेज येईल असं लिहिलं होतं. गुलाबपाणी घातलेलं. दुसरं साधं निघालं, ते वापरलं. डेलने नंतर कित्येक दिवस टाकीतल्या पिल्लांकडे बघून "काय तेज आहे!" असं म्हणायची सवय लावून घेतली होती. संपलं हलकंफुलकं.

अंड्यातून पिल्लू निघतं ते शेपटी लावलेल्या तांदळासारखं. पोटाला अन्नाची पिशवी घेऊनच येतं. ती संपली की त्याला खायला शिकावं लागतं, आणि तिथे बरीच मरतात. कोळंबीच्या जातीची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं आम्ही त्यांना घालायचो. थोडी मोठी झाली की बर्फाच्या वड्यांसारख्या गोठवलेल्या लाल अळ्या. काही पिल्लं शिकतात. काही अन्नावरून मिशा फिरवतात, पुढे जातात आणि उपाशी मरतात. का, ते कोणाला माहीत नाही. त्यामुळे रोज सकाळी पहिलं काम एकच असायचं. पातळ नळीने टाकीच्या तळाची मेलेली पिल्लं ओढून घ्यायची, पांढऱ्या ताटलीत पसरायची, मोजायची, वहीत लिहायची. मग चहा.

वाकड्या कण्याची पिल्लं वेगळी काढायची. ती नदीत सोडत नाहीत. एका बादलीत पाणी, पाण्यात लवंगेचं तेल. त्यात ती आधी गुंगतात, मग थांबतात. आईचा मसालेभात मी तेव्हापासून खाऊ शकलेले नाही. तिला वाटतं मी डाएट करते.

आता या कामातली खरी मेख. आम्ही मोठ्या हॅचरीत, म्हणजे मासे वाढवायच्या पक्क्या केंद्रात, नव्हतो. नदीच्या अगदी काठावर एक लांब ट्रेलर, चाकांवरची खोली, होती. एक पंप नदीतलं पाणी ओढायचा, ते जाळीतून गाळून टाक्यांतून फिरायचं आणि परत नदीत जायचं. हा सगळा खटाटोप का, तर असं मानतात की मासा लहानपणी ज्या पाण्यात वाढतो त्याची चव-वास त्याच्या अंगात कुठेतरी बसतो. मादीला अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. तेवढा काळ ती दूर, मोठ्या पाण्यात काढते आणि मग तिला परत यायचं असतं. कुठे यायचं हे तिला त्या वासावरून कळतं. म्हणून पिल्लं त्याच नदीच्या पाण्यात वाढली पाहिजेत, गढूळ असो, थंड असो, त्यात पानं असोत, काही असो. आमच्या टाक्यांमध्ये त्यामुळे मेलेली पिल्लं स्वच्छ पाण्याच्या हॅचरीपेक्षा नेहमी जास्त असायची. त्याची आम्हाला चार ठिकाणी उत्तरं द्यावी लागायची. डेल म्हणायचे, "आम्ही मासे वाढवत नाही. आम्ही पत्ता शिकवतो."

ते वाक्य मला फार आवडायचं.

तिसऱ्या हंगामातला जून. पिल्लं नुकती खायला शिकत होती. वरच्या भागात दोन दिवस पाऊस झाला आणि एका सकाळी नदी चॉकलेटी होऊन, फांद्या घेऊन आली. डेल तालुक्याच्या, म्हणजे इथल्या काउंटीच्या हॉस्पिटलमध्ये होते. त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन. ट्रेलरवर मी एकटी. दहाच्या सुमारास पंपाचा आवाज बदलला, मग जळका वास आला, मग आवाजच गेला.

टाक्यांमधलं पाणी थांबलं. गाळ बसायला लागला. पिल्लं वर यायला लागली, तळाशी राहणारा मासा वर येतो तेव्हा तो गुदमरत असतो. मी डेलना तीन फोन केले. ते ऑपरेशन थिएटरबाहेर होते, फोन बंद.

अशा वेळी काय करायचं ते भिंतीवर चिकटवलेलं होतं. खाणं बंद करा. ऑक्सिजनचा सिलिंडर जोडा. नदीचं पाणी बादलीने आणून, फडक्यातून गाळून, थोडं थोडं घालत राहा. माणूस एक असेल तर शेजारच्या हॅचरीतून मदत मागवा. सगळं स्वच्छ, मराठी पत्रकासारखं ठळक अक्षरांत.

आणि ट्रेलरच्या मागच्या भिंतीला एक निळा नळ होता. टाक्या धुवायला बोअरचं पाणी.

मी ऑक्सिजन जोडला. दोन बादल्या आणल्या. तिसरीला घसरून पडले. वर येऊन पाहिलं तर तिसऱ्या टाकीत पिल्लं उलटी होत होती. मी निळा नळ उघडला. एकदम नाही, बोअरचं पाणी थंड असतं, म्हणून अर्धा तास हळूहळू वाढवत. दुपारपर्यंत टाक्या निवळल्या. सगळी पिल्लं तळाला, सगळ्यांच्या मिशा चालू. मी जमिनीवर बसून रडले.

इथपर्यंतची माझी चूक मी कोणासमोरही मान्य करीन आणि कोणीही ती माफ करील.

पुढची नाही. पंपाची मोटर जळली होती, नवी यायला वेळ लागणार होता. दोन-तीन दिवसांत नदी बरीच निवळली. शेजारच्या हॅचरीत एक छोटा फिरता पंप होता, मला माहीत होतं. एक फोन करायचा होता. मी तो केला नाही. का? कारण सकाळी नळी घेऊन टाकीपाशी गेले तर ताटलीत मेलेली चारच पिल्लं. दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी एकही नाही. तीन हंगामांत असं कधी झालं नव्हतं. बोअरच्या पाण्यात माती नव्हती, जंतू नव्हते, पिल्लं टुमटुमीत झाली होती. मोजायला काही नाही म्हणून मी लवकर चहा घेत होते. मला ते पाणी आवडायला लागलं होतं. ज्या मुलीने मंडळात उभं राहून "विकासाच्या नावाखाली नदीचा विसर पाडला" असं भाषण केलं होतं, तिने आपल्या हाताने हजारभर जिवांना नदीचा विसर पाडला. रोज सकाळी, खुशीत.

नऊ दिवस.

वहीत मात्र मी खरं लिहीत होते. प्रत्येक दिवसाला एक रकाना असायचा: पाणी कुठलं. त्यात नेहमी 'नदी' लिहिलेलं असायचं. मी नऊ रकान्यांत 'बोअर' लिहिलं. ही वही जाड, पाण्याने न भिजणाऱ्या कागदाची असते आणि तिच्यात पेन्सिलनेच लिहायचं असतं. पेनची शाई ओल्या हाताने पसरते. नदीवर काम करणारे सगळे पेन्सिलच वापरतात.

नवी मोटर बसली त्या दिवशी डेल आले. तोवर ते बायकोसाठी रजेवर होते, फोनवर "पिल्लं कशी आहेत?" एवढंच विचारायचे आणि मी "मस्त" एवढंच सांगायचे. त्यांनी टाक्या पाहिल्या, खूश झाले. मग वही उघडली.

"सॅम, हे काय आहे?"

"बोअर. पंप बंद होता ना."

"मला वाटलं तू फिरता पंप आणलास."

"नाही आणला."

ते उलट्या बादलीवर बसले.

"नियम माहीत आहे तुला?"

माहीत होता. तीन दिवसांपेक्षा जास्त दुसऱ्या पाण्यात राहिलेली पिल्लं त्या नदीत सोडता येत नाहीत. ती वाट चुकून दुसऱ्या नद्यांमध्ये शिरली तर तिथल्या माशांचीही सरमिसळ होते.

"मग ती कुठे पाठवतात?" मी विचारलं.

"रोगाच्या भीतीने कोणी घेत नाही." त्यांनी मान वळवून फळीकडे पाहिलं. फळीवर लवंगेच्या तेलाची बाटली होती. "एवढी मोठी बादली आहे का आपल्याकडे?"

मी बाटली फळीवर मागे सरकवली.

"हे बघ, वासाचं अजून सिद्ध झालेलं नाही. मी पहिली पिल्लं सोडली तेव्हा तू किंडरगार्टनमध्ये असशील. त्यातल्या माद्या अजून यायच्या आहेत. कोणी पाहिलेलं नाही, सॅम. कदाचित पाण्याने काही फरक पडत नसेल."

"मग हा ट्रेलर कशाला आहे?"

"पडत असला तर?" ते स्वतःशीच हसले. हसण्यात काही जीव नव्हता.

"मग वहीत खरं राहू दे ना. पंचवीस वर्षांनी कोणाला तरी कळेल की या वर्षाच्या पिल्लांचं असं झालं होतं. उपयोग होईल."

"उपयोग व्हायला मासे नदीत हवेत. नुसती वही नदीत पोहत नाही."

या वाक्याचं उत्तर मी नंतर पुष्कळ शोधलं. बाबांच्या बॅगेतल्या एकाही पत्रकात ते नाही. तिथे एका बाजूला खरं असतं आणि दुसऱ्या बाजूला चोर असतात. इथे एका बाजूला खरं होतं आणि दुसऱ्या बाजूला मिशा हलवणारी हजारभर पिल्लं.

डेलनी कानामागची पेन्सिल काढली आणि वहीवर ठेवली. रबराचं टोक माझ्याकडे.

"अक्षर तुझं आहे. मी खोडणार नाही," ते म्हणाले आणि गाडी धुवायला बाहेर गेले.

मी खोडलं. त्या कागदावरचं पेन्सिलचं अक्षर इतकं स्वच्छ पुसलं जातं की खूणही राहत नाही. नऊ वेळा खोडलं, नऊ वेळा 'नदी' लिहिलं, खाली माझी आद्याक्षरं टाकली. रबराचा चुरा फुंकरीने उडवला. तो टाकीत पडला आणि दोन पिल्लं त्यावरून मिशा फिरवून गेली.

डेलना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ते आता निवृत्त आहेत. गेल्या महिन्यात मी त्यांना फोन करून सांगितलं की मी हे छापणार आहे. ते म्हणाले, "तुझ्या भाषेत? मग मला काय कळणार!" फोन ठेवताना म्हणाले, "लिही. माझं नाव तेवढं बदल. बायकोला वाटतं मी तिथे काही चांगलं केलं."

सप्टेंबरच्या शेवटी पिल्लं हातभर नसली तरी वीतभर झाली. प्रत्येकाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली, तिला एक नंबर असतो. मग सोडण्याचा समारंभ. तुमच्यातले पुष्कळजण आलात. गाड्यांची रांग, थर्मासमधला चहा, ठेपले, मुलांचे रेनबूट. प्रत्येक कुटुंबाने एक मासा दत्तक घेतला. बादलीतून उचलून त्याला नदीत सोडायचं, नाव ठेवायचं आणि प्रमाणपत्र घ्यायचं. त्यावर माशाचं नाव, चिपचा नंबर, नदीचं नाव आणि खाली एक ओळ: हा मासा या नदीच्याच पाण्यात वाढला आहे. त्याखाली बारीक अक्षरांत: तुमचा मासा पुढे कधी सापडला तर तुम्हाला ईमेलने कळवू.

नाईक काकांनी आपल्या माशाचं नाव 'पापलेट' ठेवलं. नंतर सगळ्यांची नजर चुकवून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि "जा रे बाबा" म्हणाले. हे मी पाहिलं.

बाबाही आले होते. चार-पाच आजी-आजोबा भारतातून आलेले होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून बाबांनी प्रमाणपत्र हातात धरून, चौकात पत्रक वाचावं तसं खड्या आवाजात मराठीत वाचून दाखवलं. "हा मासा या नदीच्याच पाण्यात वाढला आहे." मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "आणि हिने वाढवला आहे." टाळ्या झाल्या.

तेवढ्यात ईरा, वैशाली काकूंची नऊ वर्षांची मुलगी, माझी बाही ओढायला लागली. "समता दीदी, बट हाऊ विल शी नो व्हेअर टू कम बॅक?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा तर फारच.

मी म्हणाले, "तिला पाण्याचा वास आठवेल."

"यू प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

परतताना मी बाबांच्या गाडीत होते. अर्धा रस्ता गेल्यावर मी त्यांना सांगितलं. सगळं. ते गाडी चालवत राहिले.

"खरं लिहिलं असतं तर मासे मारले असते?"

"हो."

"तू विचारून पाहिलंस, की नियमच असा आहे म्हणून गप्प बसलीस?"

"कोणाला विचारणार?"

"वर. कोणालाही. एखादं पत्र. काहून नाही?"

मी विचारलं नव्हतं. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. नियमाविरुद्ध एक अर्ज करावा, खरं सांगून अपवाद मागावा, ही पत्रकांमधली सगळ्यात साधी गोष्ट. मी मारणं आणि खोडणं एवढे दोनच रस्ते पाहिले. बाबांनी आणखी काही म्हटलं नाही. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "आमच्या पत्रकाखाली नाव असायचं. चुकलं तर लोक घरी यायचे भांडायला. तुझ्या वहीखाली पण तुझंच नाव आहे ना?"

पुढच्या वसंतात मी सरकारी खात्याला पत्र लिहिलं. नऊ दिवसांची हकिगत, माझी सही, नोंद दुरुस्त करण्याची विनंती. महिन्याने उत्तर आलं. त्या हंगामाच्या नोंदी बंद झाल्या आहेत, मूळ वहीत विसंगती आढळली नाही, कळवल्याबद्दल आभार. अर्थात आढळली नाही. मी फार नीट खोडलं होतं. तो हंगाम मी पूर्ण केला. त्यानंतर मला बोलावलं नाही, कारण दिलं नाही. आता मी ईडन प्रेरीजवळ एका प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासते. सकाळी नमुना येतो, दुपारी निकाल लागतो. लोक म्हणतात, बरं झालं, सेटल झालीस.

आता तुम्ही म्हणाल, मासे तर जिवंत आहेत, मग एवढं काय? सांगते. पंचवीस वर्षांनी त्या खडकांशी लोक कमरेइतक्या पाण्यात उभे राहतील आणि मोजतील. बाकीच्या वर्षांच्या माद्या आल्या आणि आमच्या वर्षाची एकही आली नाही, तर त्यातून फार मोठी गोष्ट कळू शकेल: की पाण्याने फरक पडतो, की हा सगळा खटाटोप खरा होता. पण वहीत नदी लिहिलेलं आहे. त्यामुळे ते उलटंच शिकतील. म्हणतील, नदीच्या पाण्यात वाढवूनही येत नाहीत, म्हणजे त्या वासाच्या गोष्टीत काही नाही, ट्रेलर बंद करा. किंवा नदीतच काही राहिलेलं नाही. वरचं जुनं धरण काढा म्हणून दरवर्षी भांडणारे लोक आहेत, त्यांच्या तोंडावर तो कागद फेकला जाईल. आणि तो कागद माझ्या अक्षरात असेल.

तेव्हा मी चोपन्न-पंचावन्न वर्षांची असेन. डेल नसतील. बाबाही बहुधा नसतील. ईरा माझ्या आजच्या वयाहून मोठी असेल. मी तिला प्रॉमिस केलं आहे.

सरकारी वही बंद झाली, पण त्या हंगामाचे काही कागद सरकारच्या कपाटात नाहीत. ते तुमच्या घरी आहेत. फ्रिजवर, मॅग्नेटखाली, शाळेच्या फोटोशेजारी. त्यांच्यावर चिपचे नंबर आहेत. म्हणून ही विनंती, आणि ती मनापासून करते आहे.

हा अंक खाली ठेवायच्या आधी उठा आणि ते प्रमाणपत्र काढा. उलटं करा. मागे लिहा: हा मासा पिल्लू असताना, जूनमध्ये नऊ दिवस बोअरच्या पाण्यात होता. नोंदवहीत नदी लिहिलं आहे, ते खोटं आहे. सांगणारी, समता. आजची तारीख टाका. इंग्रजीतही लिहा, कारण वाचणारी तुमची मुलं असतील. ज्या मुलाने किंवा मुलीने तो मासा सोडला तिच्या हवाली तो कागद करा. घर बदललं, फ्रिज बदलला तरी ती टाकणार नाही असं तिच्याकडून कबूल करून घ्या. आणि पंचवीस वर्षांनी कधीतरी 'तुमचा मासा सापडला' असा ईमेल आला, तर त्याला उत्तर म्हणून या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगा. कुठे सापडला तेही विचारायला सांगा.

पेन्सिलने लिहा. स्वयंपाकघरात हात ओले असतात, शाई पसरेल. फक्त लिहून झाल्यावर पेन्सिलच्या मागचं रबर कात्रीने कापून टाका.